एकाच नावाचे दोन धनी

आजचा थ्रेड नेहमीच्या दप्तरातला नाही. यात गड नाहीत, तह नाहीत, वंशावळी नाहीत. विषय आहे वेबच्या सर्व्हरमधल्या एका सुरक्षा-त्रुटीचा. ती मार्च २००१ मध्ये सापडली आणि दुरुस्त झाली. एप्रिल २००१ मध्ये दुसऱ्याच घरात पुन्हा सापडली. २०१२, २०१३ आणि २०१५ मध्ये कोणी ना कोणी तिच्यावर बोट ठेवले. आणि सोमवार, १८ जुलै २०१६ रोजी ती तातडीची धोक्याची सूचना म्हणून साऱ्या जगासमोर आली. तिचे नाव एचटीटीपॉक्सी. थ्रेड मोठा आहे, सवडीने वाचा.

संगणकशास्त्र हा माझा विषय नव्हे. एका अभियंता मित्राने या त्रुटीविषयीचे टिपण वाचायला दिले, तेव्हा त्यातल्या तांत्रिक भागावरून माझी नजर सरळ घसरली आणि शेवटी दिलेल्या तारखांच्या यादीवर येऊन थबकली. पंधरा वर्षांच्या त्या सहा नोंदी पाहिल्यावर मला जो प्रश्न पडला तो आपल्याच विषयातला होता : कागद उपलब्ध होता, वाचता येण्याजोगा होता, कोणी लपवलेला नव्हता. मग तो वाचला का गेला नाही?

आधी चूक समजून घेऊ. ती समजायला संगणकाचे शिक्षण लागत नाही. नामसाधर्म्य म्हणजे काय हे ठाऊक असले की पुरे, आणि ते आपल्याला चांगले ठाऊक आहे. नुसते 'शाहू' एवढेच नाव असलेला कागद हाती आला तर तो कोणाचा? १७४९ मध्ये निधन पावलेल्या साताऱ्याच्या शाहू महाराजांचा, १७७७ मध्ये त्याच गादीवर आलेल्या दुसऱ्या शाहूंचा, की कोल्हापूरच्या राजर्षींचा? आपण मायना पाहतो, मुद्रा पाहतो, शक पाहतो, अक्षराचे वळण पाहतो आणि मग ठरवतो. संगणकाच्या प्रोग्रामला यातले काहीच दिसत नाही. त्याला फक्त नाव दिसते. नाव जुळले की माणूस तोच, असे तो समजतो.

आता या कथेतले दोन शाहू.

पहिल्याचा जन्म तटबंदीतून झाला. 'प्रॉक्सी' हा शब्द महाविद्यालयातल्या कोणालाही समजावून सांगावा लागत नाही : मित्राच्या नावाने 'हजर' म्हणणारा तो प्रॉक्सी. वेबच्या जगातला प्रॉक्सीही असाच मुखत्यार, जरा अधिक प्रामाणिक. तुमच्या वतीने बाहेर जाऊन पान आणून देतो. १९९० च्या दशकात मोठ्या संस्थांनी आपल्या अंतर्गत जाळ्याभोवती फायरवॉल उभारल्या. तट उभा राहिला तसे आतल्या लोकांना बाहेरचे वेब दिसेनासे झाले. उपाय म्हणून तटाला एक दिंडी दरवाजा ठेवला गेला आणि त्यात एक मुखत्यार बसवला गेला. आतल्या सगळ्यांनी त्याच्याकडे मागणी नोंदवायची, बाहेर फक्त त्याने जायचे. मे १९९४ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेत वर्ल्ड वाइड वेबची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे आरी लुओटोनेन आणि केव्हिन आल्टिस यांनी या व्यवस्थेवर निबंध वाचला.

पण आतल्या प्रोग्रामला मुखत्याराचा पत्ता कळणार कसा? युनिक्स जातीच्या संगणकात प्रत्येक प्रोग्राम सुरू होताना त्याच्या हाती नावे आणि त्यांच्यापुढची माहिती अशी एक यादी येते. या नावांना एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणतात. कचेरीच्या भिंतीवरचा सूचनाफलक डोळ्यांसमोर आणा. त्या फलकावर 'एचटीटीपी_प्रॉक्सी' अशी ओळ लिहून पुढे मुखत्याराचा पत्ता द्यायचा, अशी प्रथा पडली. सर्नच्या प्रोग्रामांत हे नाव लहान रोमन अक्षरांत होते. परंतु फलकावरची बाकीची नावे रिवाजाने मोठ्या अक्षरांत असत. त्यामुळे पुढच्या प्रोग्रामकारांनी हेही नाव मोठ्या अक्षरांत लिहिलेले चालेल असे ठरवले. कोणत्याही समितीने हे ठरवले नाही आणि कोणत्याही मानकात ते नोंदले गेले नाही. एकाने केले म्हणून दुसऱ्याने केले. ही बाब लक्षात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

दुसरा शाहू अमेरिकेतला, इलिनॉय विद्यापीठातला. तिथल्या एनसीएसए या केंद्रात रॉब मॅककूल यांनी एक वेब सर्व्हर लिहिला होता. सर्व्हरने तयार पाने देण्यापलीकडे काही करावे, म्हणजे एखादा प्रोग्राम चालवून त्याचे उत्तर पाहुण्याला द्यावे, यासाठी १९९३ मध्ये सीजीआय नावाचा करार आकाराला आला. त्यातही सूचनाफलक होताच. ब्राउझर जेव्हा पान मागतो तेव्हा मागणीच्या सोबत हेडर नावाच्या काही ओळी पाठवतो : मी अमुक ब्राउझर आहे, मला अमुक भाषा चालते, वगैरे. सीजीआयचा नियम असा होता की, सर्व्हरने या ओळींची नावे मोठ्या अक्षरांत करावीत, आडव्या रेघेच्या जागी अधोरेघ घालावी, पुढे 'एचटीटीपी_' असा उपसर्ग लावावा आणि फलकावर उतरवून ठेवावे. 'यूजर-एजंट' ही ओळ फलकावर 'एचटीटीपी_यूजर_एजंट' होई. उपसर्गाचा हेतू चांगलाच होता. पाहुण्याकडून आलेले काय आणि घरचे काय, हे वेगळे दिसावे यासाठीच तो लावला जाई.

आता एखादा पाहुणा 'प्रॉक्सी' नावाची ओळ पाठवतो असे समजा. अशी हेडर ओळ कोणत्याही मानकात नाही आणि कोणताही सरळमार्गी ब्राउझर ती पाठवत नाही. पण पाठवायला बंदीही नाही. सर्व्हर नियमाप्रमाणे तिला मोठ्या अक्षरांत करतो, उपसर्ग लावतो आणि फलकावर लिहितो : 'एचटीटीपी_प्रॉक्सी'.

हे तर मुखत्याराच्या पत्त्याचे नाव!

कचेरीत एक कारकून येणाऱ्या प्रत्येक अर्जातला मजकूर इमानाने फळ्यावर उतरवतो आहे, आणि त्याच फळ्यावर कधी काळी साहेबांनी लिहून ठेवलेले असते की, 'बाहेर जाणारी सगळी डाक अमक्याच्या हाती द्यावी'. एका अर्जदाराने अर्जात तेच वाक्य स्वतःच्या पत्त्यासह लिहिले. कारकुनाने उतरवले. आतल्या शिपायाने वाचले आणि कचेरीची डाक त्या अर्जदाराच्या घरी नेऊन दिली. कारकून चुकला नाही. शिपाई चुकला नाही. दोघेही आपापल्या नियमाला धरून वागले.

प्रत्यक्षात याचा अर्थ असा होतो. वेबसाइटचा प्रोग्राम पाहुण्याची विनंती पुरी करताना पाठीमागे स्वतःही दुसऱ्या सर्व्हरकडे काही मागत असेल, समजा ग्राहकाची नोंद किंवा मालाचा साठा, तर ती मागणी हल्लेखोराच्या हातून जाऊ लागते. तो ती वाचू शकतो. तिच्यासोबत जाणारे संकेतशब्द आणि चाव्या उतरवून घेऊ शकतो. उत्तर बदलून आत पाठवू शकतो. एवढ्या सगळ्यासाठी त्याला एकच ओळ पाठवावी लागते. दिलासा एवढाच की, ही वाट साध्या, न कुलूपलेल्या एचटीटीपी वाहतुकीपुरती आहे. कुलूपबंद एचटीटीपीएससाठी मुखत्याराचे नाव वेगळे असते आणि ते नाव या युक्तीने फळ्यावर उमटत नाही.

आता तारखांकडे.

मार्च २००१. पर्ल भाषेतला एलडब्ल्यूपी हा प्रोग्रामसंग्रह वेबवरून पाने आणण्याचे काम करत असे, आणि सीजीआयचे बहुतेक प्रोग्राम त्या काळी पर्लमध्येच लिहिले जात. साहजिकच दोन्ही प्रथांची पहिली नोंदलेली टक्कर इथे झाली. ती दाखवून दिली रँडल श्वार्ट्झ यांनी. पर्लवरच्या पुस्तकांमुळे त्या वर्तुळात हे नाव सर्वांना परिचित होते. केलेली दुरुस्ती आपल्या विषयातल्या माणसाला विशेष आवडेल, कारण तिच्यात सरळसरळ मुद्रा तपासली आहे. फलकावर 'रिक्वेस्ट_मेथड' हे नाव दिसले तर समजावे की आपण सीजीआयच्या कचेरीत आहोत. हे नाव सर्व्हर स्वतः लिहितो. पाहुण्याच्या प्रत्येक ओळीला उपसर्ग लागत असल्याने त्याला ते बनवता येत नाही. अशा कचेरीत 'एचटीटीपी_प्रॉक्सी'वर विश्वास ठेवायचा नाही. कोणाला खरोखरच मुखत्यार नेमायचा असेल तर त्याने 'सीजीआय_एचटीटीपी_प्रॉक्सी' असे नवे नाव वापरावे.

एप्रिल २००१. तीच टक्कर कर्लमध्ये लक्षात आली. कर्ल हे डॅनियल स्टेनबर्ग यांचे साधन, वेबवरून माहिती आणणारे, आज असंख्य यंत्रांत बसलेले. तिथली दुरुस्ती वेगळी आणि माझ्या मते अधिक सुंदर. सीजीआय नेहमी मोठी अक्षरे वापरते ना? मग कर्ल हे नाव फक्त लहान अक्षरांत ओळखेल. एवढ्याने दोन शाहू वेगळे झाले. उणीव एकच राहिली : विंडोजमध्ये या नावांच्या बाबतीत लहान आणि मोठी अक्षरे एकच मानली जातात, त्यामुळे तिथे या युक्तीचा जोर चालत नाही.

एका महिन्याच्या अंतराने दोन शोध, दोन वेगवेगळे आणि पुरेसे चांगले उपाय. दोन्ही उघड्यावर, कोणालाही वाचता येतील असे. आणि त्यानंतर अकरा वर्षे शांतता.

इथे आपल्या पेशातला एक मोह टाळायला हवा. २०१६ मध्ये काय झाले हे ठाऊक असल्यामुळे २००१ च्या त्या नोंदी आपल्याला ठळक अक्षरांत दिसतात. त्या वेळच्या माणसाला त्या तशा दिसत नव्हत्या. एखाद्या प्रोग्रामच्या बदलांच्या यादीत शेकडो ओळी असतात, त्यांतली ही एक. पुण्याच्या पेशवे दप्तरातल्या रुमालांत एखादे महत्त्वाचे पत्र असते, पण त्याचे महत्त्व पुढच्या शतकात एखाद्या अभ्यासकाने दुसरे पत्र शोधल्यावर कळते. तोवर ते हिशेबाच्या कागदांत हिशेबाच्या कागदासारखेच पडून असते.

शिवाय धोका तेव्हा तेवढा मोठा नव्हता. २००१ चा सीजीआय प्रोग्राम अर्ज भरून घेई, पाहुण्यांची संख्या मोजी, फार तर एखादे ईमेल पाठवी. पाठीमागे दुसऱ्या वेब सर्व्हरशी बोलण्याची गरज त्याला क्वचितच पडे. पुढे चित्र पालटले. एका वेबसाइटच्या पोटात दहा सेवा, त्या एकमेकींशी एचटीटीपीने बोलणार, आणि घरातलेच बोलणे म्हणून पुष्कळदा कुलपाशिवाय. चूक एका अक्षरानेही बदलली नव्हती. तिच्याभोवतीचे जग बदलले आणि किरकोळ चूक गंभीर झाली. इतिहासात कारणे शोधताना आपण घटनेच्या आदल्या वर्षात फार रेंगाळतो, त्यावर हा एक चांगला उतारा आहे.

तरीही 'नोंद किरकोळ वाटली' हे पूर्ण उत्तर मला पटत नाही. मूळ कारण वेगळे आहे असे माझे मत आहे : या चुकीला धनी नव्हता.

चूक कळवायची तर कोणाला? सीजीआयच्या कर्त्यांना? ते म्हणणार, आमचा उपसर्गाचा नियम स्पष्ट आहे, त्या नावांवर आंधळा विश्वास ठेवू नका. मुखत्याराच्या प्रथेच्या कर्त्यांना? तिला कर्ताच नाही. ती रूढी आहे, आणि रूढीच्या दारावर पत्ता नसतो. पर्लच्या लोकांनी पर्लचे घर सावरले, कर्लच्या लोकांनी कर्लचे. शेजारच्या पीएचपीवाल्यांना किंवा पायथनवाल्यांना जाऊन सांगणे हे कोणाचेच नेमलेले काम नव्हते. यात त्यांचा दोष किती मानावा? मी फार मानणार नाही. फुकट वेळ देऊन काम करणाऱ्या माणसांनी आपले अंगण झाडले, हेच पुष्कळ.

बोलण्याची एक मोठी संधी मात्र २००४ मध्ये आली होती. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये सीजीआयचे अधिकृत म्हणता येईल असे वर्णन आरएफसी ३८७५ या क्रमांकाने प्रसिद्ध झाले. त्याचा दर्जा 'माहितीपर' असा होता. नवे नियम घालून देण्यापेक्षा दशकभर चालत आलेली वहिवाट लिहून ठेवणे हे त्याचे काम. त्यात सुरक्षेवर स्वतंत्र प्रकरण आहे. मी ते मन लावून वाचले. पर्ल आणि कर्लची दुरुस्ती होऊन तेव्हा तीन वर्षे उलटली होती, पण या नामसाधर्म्याचा तिथे उल्लेख नाही. गंमत अशी की, त्याच दस्तऐवजात एक कलम आहे : आलेली प्रत्येक हेडर ओळ फलकावर उतरवण्याचे बंधन सर्व्हरवर नाही. म्हणजे औषध तिथेच ठेवलेले होते, रोगाचे नाव तेवढे लिहायचे राहिले. हे कलम बारा वर्षांनी उपयोगी पडले.

दरम्यान जुना करार नव्या नावांनी जगत होता. सीजीआय प्रत्येक विनंतीला नवा प्रोग्राम सुरू करी. ते संथ पडू लागल्यावर फास्टसीजीआय आले. यंत्रणा बदलली, पण फलकावरच्या नावांची पद्धत तीच ठेवली, नाहीतर जुने प्रोग्राम चालले नसते. राज्य बदलले तरी महसुलाचे शब्द तेच राहावेत, तसे. पीएचपीत काम करणारा कोणीही आज 'एचटीटीपी_होस्ट' असे नाव लिहितो तेव्हा तो इलिनॉयमधल्या १९९३ च्या त्या करारातला शब्द वापरत असतो.

जुलै २०१२. रुबी भाषेचे लोक आपल्या नेट-एचटीटीपी या संग्रहात प्रॉक्सीची सोय करत होते. चूक होण्याआधीच त्यांनी ती ओळखली आणि टाळली. याचे श्रेय तानाका आकिरा यांना दिले जाते. रुबीने सीजीआयच्या कचेरीत वापरायला जे पर्यायी नाव मानले, ते 'सीजीआय_एचटीटीपी_प्रॉक्सी', म्हणजे पर्लचेच. हा योगायोग नसावा. रुबीच्या घडणीवर पर्लची छाप मोठी होती आणि दोन्ही भाषा जाणणारी माणसे पुष्कळ होती. माझ्या वाचनात या साऱ्या कहाणीत हे ज्ञान एका घरातून दुसऱ्या घरात गेल्याची सर्वांत स्पष्ट खूण हीच आहे, आणि ते एखाद्या सूचनापत्रातून गेलेले नाही. माणसांच्या सवयीबरोबर गेले.

नोव्हेंबर २०१३. एनजिनएक्स या सर्व्हरच्या चर्चापत्रांत एका वापरकर्त्याने हा धोका मांडला. कदाचित माझेच काही चुकत असेल, अशा संकोचाने मांडला. त्याचे काहीही चुकत नव्हते.

सप्टेंबर २०१४ मध्ये तर धोक्याची घंटा अगदी शेजारच्या खोलीत वाजली. शेलशॉक. स्तेफान शाझेला यांनी बॅश या प्रोग्राममधली अशी त्रुटी उघड केली की, फलकावर विशिष्ट मजकूर लिहिलेला असला तर बॅश तो आज्ञा समजून पाळू लागे. ती १९८९ पासून तिथे होती. आणि बाहेरच्या माणसाला फलकावर लिहिण्याचा सर्वांत सोपा मार्ग कोणता? सीजीआयच्या हेडर ओळी! त्या आठवड्यांत जगभरचे प्रशासक हेडरमधून फलकावर काय उतरते हेच डोळ्यांत तेल घालून पाहत होते. तरी आपली चूक त्या गर्दीत सार्वजनिक झाली नाही. शेलशॉकमध्ये मजकूर वाईट होता, नाव कोणतेही चाले. इथे नावच वाईट होते. शोधणारा ज्याचा शोध घेतो तेच त्याला दिसते.

फेब्रुवारी २०१५. अपाची सर्व्हरच्या विकासकांच्या चर्चेत श्टेफान फ्रिच यांनी मुद्दा उपस्थित केला. तोही तिथेच राहिला.

याच सुमारास पीएचपीत एक नवा प्रोग्रामसंग्रह लोकप्रिय होत होता. दुसऱ्या सर्व्हरशी बोलण्यासाठी वापरला जाणारा, 'गझल' नावाचा. (नाव इंग्रजी आहे आणि अर्थ 'घटाघटा पिणे' असा आहे, पण देवनागरीत लिहिले की ते थेट सुरेश भटांच्या दारी जाऊन उभे राहते. नामसाधर्म्यावरच्या लेखात एवढा योगायोग सोडवेना.) २०१४ मध्ये आलेल्या त्याच्या चौथ्या आवृत्तीपासून तो 'एचटीटीपी_प्रॉक्सी'वर विश्वास ठेवी. द्रुपल ८ या वेबसाइट बांधण्याच्या प्रणालीत तो बसवलेला होता. कर्लने तेरा वर्षांपूर्वी बुजवलेली वाट इथे नव्याने खणली गेली, आणि खणणाऱ्यांना तिथे जुना बांध होता याची कल्पना नव्हती.

जुलै २०१६. न्यूझीलंडमधल्या व्हेंड या कंपनीत, दुकानांच्या विक्रीनोंदीचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या, स्कॉट गिअरी नावाच्या अभियंत्याला ही त्रुटी प्रत्यक्ष चालू यंत्रणेत आढळली. त्यांच्या सुरक्षा-गटाने शोध घेतला तसे लक्षात आले की, ती पीएचपीत आहे, गोमध्ये आहे, पायथनमध्ये आहे, अपाचीत आणि टॉमकॅटमध्ये आहे. डॉमिनिक शायरलिंक यांनी ती जाहीर करण्याचे काम पाहिले. संबंधित गटांना आधी खासगीत कळवले गेले, आणि १८ जुलैला एक नाव आणि एक स्वतंत्र संकेतस्थळ घेऊन गोष्ट सर्वांसमोर मांडली गेली. मी वर दिलेली तारखांची यादी मूळची त्यांचीच. आपण पहिले नाही हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले आणि आधीच्यांची नावे घेतली. संशोधनात हा प्रामाणिकपणा वाटतो तितका सुलभ नाही, हे प्रबंध लिहिणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

नाव देण्याविषयी थोडे. एप्रिल २०१४ मधल्या हार्टब्लीडपासून सुरक्षा-त्रुटींना आकर्षक नावे देण्याची लाट आली होती आणि हा बाजारूपणा आहे अशी टीकाही होत असे. इथे मात्र नाव नसणे हाच अर्धा रोग होता. पंधरा वर्षे ही चूक 'पर्लमधली ती गोष्ट' आणि 'कर्लमधला तो अपवाद' अशी वेगवेगळ्या घरांत राहिली. एकच नाव मिळाल्यावर ती पहिल्यांदा एक गोष्ट झाली, आणि शोधता येण्याजोगी झाली.

नोंदवह्यांची अडचण तरीही सुटली नाहीच. त्रुटींना क्रमांक देणारी सीव्हीई ही पद्धत १९९९ पासून आहे. एका प्रोग्राममधल्या एका दोषाला एक क्रमांक, अशी तिची धाटणी. या एका चुकीला अनेक क्रमांक द्यावे लागले : २०१६ सालच्या वहीत ५३८५ पीएचपीसाठी, ५३८६ गोसाठी, ५३८७ अपाचीसाठी, ५३८८ टॉमकॅटसाठी, आणि पायथन व एचएचव्हीएमसाठी आणखी निराळे. दोन प्रथांच्या मधल्या फटीला क्रमांक देण्याची जागा त्या वहीत नव्हती. म्हणून फटीच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींना क्रमांक मिळाले.

दुरुस्ती काही दिवसांतच सुरू झाली आणि मूळ उपाय हास्यास्पद वाटावा इतका लहान होता : 'प्रॉक्सी' नावाची हेडर ओळ दारातच फेकून द्या. ती कोणत्याही मानकात नाही, कोणी भला माणूस ती पाठवत नाही, तिच्यावाचून कोणाचे काही अडत नाही. अपाचीला एक ओळ, एनजिनएक्सला एक ओळ. आरएफसी ३८७५ मधले ते कलम इथे कामी आले : प्रत्येक हेडर उतरवलाच पाहिजे असे नाही, हे २००४ मध्येच लिहून ठेवलेले होते.

भाषांच्या पातळीवर काय झाले ते मला अधिक रंजक वाटते. गोमध्ये असे ठरले की, फलकावर 'रिक्वेस्ट_मेथड' दिसत असेल तर मोठ्या अक्षरांतला 'एचटीटीपी_प्रॉक्सी' नाकारायचा. पायथनमध्येही 'रिक्वेस्ट_मेथड' दिसले की मोठ्या अक्षरांतले नाव विसरायचे, लहान अक्षरांतले मात्र चालवून घ्यायचे. पहिली खूण मार्च २००१ च्या पर्लची. दुसरी एप्रिल २००१ च्या कर्लची. पायथनच्या त्या काही ओळींत दोन्ही उपाय शेजारी शेजारी बसलेले आहेत.

आणि कर्लची पुस्तिका आजही उघडून पाहता येते. प्रॉक्सीची नावे लहान किंवा मोठ्या, कोणत्याही अक्षरांत द्या, असे तिथे सांगितले आहे. लगेच पुढे एक अपवाद येतो : 'एचटीटीपी_प्रॉक्सी' तेवढे फक्त लहान अक्षरांत. माझ्या अभियंता मित्राने ती ओळ कैक वेळा वाचली होती आणि लिहिणाऱ्याची लहर म्हणून सोडून दिली होती. मी त्याला एप्रिल २००१ ची तारीख सांगितली, तेव्हा त्याने ते पान पुन्हा उघडले आणि थोडा वेळ काही बोलला नाही.